सेलेनियम मीटर आणि कमल बस्तीतला अंधार

फोटोसाठी प्रकाश मोजायला आजोबांचा सेलेनियम मीटर (उजेडावरच चालणारा जुना लाइट मीटर) वापरावा की नवा घ्यावा, हा तुमचा प्रश्न. त्यावर एकांनी मोबाइलचं ॲप सुचवलंय. ॲप वाईट नाही, पण कॅमेऱ्यावर चालणारं ॲप वस्तूवरून परतलेला प्रकाश मोजतं. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती या जुन्या जैन मंदिराच्या काळसर खांबांवर ते धरलंत, की ते त्यांना १८ टक्के राखाडी (मीटर गृहीत धरतो ती मधली छटा) समजणार, जास्त एक्स्पोजर, म्हणजे जास्त प्रकाश घ्यायला सांगणार आणि खांब फिके येणार. तिथे वस्तूवर पडणारा प्रकाश मोजणारा, पांढऱ्या घुमटाचा इन्सिडंट मीटरच हवा. खांबाशी उभं राहा, घुमट कॅमेऱ्याकडे करा, आकडा घ्या, झालं.

सेलेनियमला बॅटरी लागत नाही हे खरं, पण आतल्या उजेडात काटा हलतच नाही, शिवाय प्रकाश टिपणारा त्यातला सेल वयानुसार मंदावतो. आयएसओ (संवेदनशीलता) १०० ला भर उन्हात एफ १६ (भिंगाचं छिद्र), १/१२५ सेकंदाच्या आसपास दाखवतोय का बघा.

लुनासिक्स ३ हा जुना लाइट मीटर स्वस्तात दिसला तरी थांबा. त्याला १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल लागायचे, ते आता बनत नाहीत. अडॅप्टर शोधत बसावं लागतं. मी तर वापरलेला सेकोनिक एल-३०८ मीटर घेईन, साध्या पेन्सिल सेलवर चालतो. फक्त घुमट जागेवर आहे ना, ते विकणाऱ्याकडून फोटो मागवून बघा.