व्यापक सापेक्षता शिकवताना आधी चित्र की आधी गणित?

धागाकर्ता:
व्यापक सापेक्षता, म्हणजे गुरुत्वाकर्षण ही अवकाश आणि काळाची वक्रता आहे असे सांगणारा आइन्स्टाइनचा सिद्धान्त, शिकवताना वक्र अवकाश म्हणून ताणलेल्या रबरी चादरीवर जड गोळा ठेवून दाखवण्याची पद्धत बंद करावी, असे माझे ठाम मत आहे. त्या खळग्याकडे गोटी घरंगळते ती पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळेच. म्हणजे जे समजावून सांगायचे, तेच आपण गृहीत धरतो. शिवाय चादरीवर काळ कुठेच नसतो, आणि ग्रहांसारख्या मंदगती वस्तूंचा मार्ग तर मुख्यतः काळाच्या वक्रतेने, म्हणजे उंचीनुसार घड्याळांची गती बदलण्याने, ठरतो. त्याऐवजी फळ्यावर एक उदाहरण सोडवावे. जीपीएस उपग्रहावरील घड्याळ उंचीमुळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते आणि वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांना प्रकाशाच्या वेगाने गुणले की सुमारे ११ किलोमीटर येतात; हा फरक दुरुस्त केला नाही तर उपग्रहाच्या अंतराच्या मोजणीत दिवसाला एवढी चूक येईल. हा आकडा स्वतः काढलेला विद्यार्थी तो विसरत नाही.

प्रतिसाद १:
मी असहमत आहे. सूत्रात किमती घालून ११ किलोमीटर काढणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. घड्याळांच्या या फरकाचा वस्तू खाली पडण्याशी काय संबंध, असे विचारले की ते गप्प होतात. दोष चित्राचा नाही, चित्राच्या निवडीचा आहे. मी कागदाच्या वर्तुळपाकळीवर (दोन त्रिज्यांमधल्या तुकड्यावर) त्रिज्येला काटकोनात एक सरळ रेघ ओढायला सांगते आणि मग त्याचा शंकू वळवायला लावते. शंकूभोवतीचा वेढा म्हणजे वस्तूच्या घड्याळाचा काळ, आणि रुंद तोंड जमिनीकडे. ओढताना सरळ असलेली ती रेघ, म्हणजे वस्तूचा मार्ग, आता वेढ्यागणिक रुंद तोंडाकडे सरकत जाते. कोणी ओढत नाही, तरी वस्तू खाली येते!

धागाकर्ता:
शंकू मला पटला. मात्र तो हातात मावतो, म्हणून विद्यार्थ्याला वक्रता भलतीच मोठी वाटेल. प्रकाशवेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाने (पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढण्याच्या दराने) भागल्यास खऱ्या शंकूचे टोक सुमारे ९ लाख कोटी किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एक प्रकाशवर्ष दूर येते. हा भागाकार करून घेतल्याशिवाय शंकू हाती देऊ नये.

प्रतिसाद २:
आधी भागाकार केला तर तो कशाचा, हे कोणाला कळणार? शंकू आधीच हवा. चादरीबद्दलही आपण घाई करत आहात. सूर्याच्या कडेने जाणारा प्रकाश केवळ काळाच्या वक्रतेने ०.८७ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) वळला असता. प्रत्यक्षात तो १.७५ वळतो. उरलेला निम्मा भाग अवकाशाच्या वक्रतेचा आहे, आणि तो शंकूत दिसत नाही. त्या निम्म्या भागापुरता चादरीचा आकार दाखवावा, फक्त तिच्यावर गोटी सोडू नये.