माइक मार्टिन यांची कारकीर्द अपुरी कशी?

राष्ट्रीय विजेतेपद न मिळालेल्या प्रशिक्षकाची कारकीर्द अपुरीच मानावी, हे माइक मार्टिन यांच्याबद्दल मांडले जाणारे मत मला पटले नाही. मार्टिन यांनी १९८० ते २०१९ असे सलग ४० हंगाम अमेरिकेतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळले आणि एकाही हंगामात संघाचे विजय चाळिसाच्या खाली जाऊ दिले नाहीत. दर तीन-चार वर्षांनी तयार झालेले खेळाडू पदवी घेऊन किंवा व्यावसायिक संघांकडे निघून जात असताना हे सातत्य राखणे, निदान माझ्या लेखी, एखाद्या करंडकाहून अवघड आहे. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या, ओमाहा शहरातील महाविद्यालयीन बेसबॉलच्या अंतिम स्पर्धेत १७ वेळा धडक मारूनही त्यांच्या पदरी निराशाच आली, हे खरे. १९९९ मध्ये तर मायामी विद्यापीठाच्या संघाने निर्णायक सामना ६-५ असा अवघ्या एका धावेने हिरावला. मात्र पाच राष्ट्रीय विजेतेपदे पटकावणारे प्रशिक्षक ऑगी गारिडो यांचा महाविद्यालयीन बेसबॉलमधील सर्वाधिक, १,९७५ विजयांचा विक्रम २०१८ मध्ये मोडला, तो याच मार्टिन यांनी.