गावच्या मंडळाचा मुलांसाठीचा निधी : वह्यावाटपाच्या पुढे काय करावं?

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव, चार वाड्या. दोन मच्छीमारांच्या, एक आंब्या-काजूच्या बागांत मजुरी करणाऱ्यांची, एक कातकऱ्यांची. मुंबईचं ग्रामस्थ मंडळ गणपतीत आणि शिमग्याला वर्गणी काढतं आणि जूनमध्ये शाळेत वह्या वाटतं. यंदा १,८०,००० रुपये शिल्लक आहेत आणि वह्यांपेक्षा जास्त उपयोगाचं काहीतरी करावं असं बहुतेकांचं म्हणणं आहे. अडचणीतली घरं साधारण अठरा, शाळेत जाणारी मुलं पंचेचाळीसच्या आसपास, त्यातली सोळा नववी-दहावीत.

पैसा नेमका कशावर खर्चावा? घरं कशी निवडावीत, म्हणजे वाडी-वाडीत तंटा होणार नाही? वडील गेलेल्या मुलांना सरकारकडून काय मिळू शकतं? आणि मंडळाची नोंदणी नाही, त्याने काय अडतं? कुवेतला असलेले गावचे काही जण पैसे पाठवायला तयार आहेत.

आगोट

आधी तारखा बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. आंब्याची मजुरी मेअखेर संपलेली. आणि १५ जूनच्या सुमारास शाळा उघडते. म्हणजे आवक थांबते तेव्हाच खर्च वाढतो. बरेच खलाशी या दिवसांत नाखव्याकडून, म्हणजे नौकेच्या मालकाकडून, उचल घेतात आणि ती पुढच्या हंगामाच्या वाट्यातून कापली जाते, म्हणून ओढाताण ऑगस्टनंतरही सुटत नाही. मंडळाची मदत याच दोन महिन्यांत पोचली पाहिजे. गणपतीत जमलेली वर्गणी वेगळी ठेवून पुढच्या २५ मेपर्यंत खरेदी पुरी करा.

वह्या थांबवल्या तरी चालेल. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मोफत येतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणवेशही मिळतो, आणि वह्या तर पतपेढीपासून राजकीय पक्षापर्यंत सगळेच वाटतात. खरा खर्च नववीपासून सुरू होतो: पुस्तकं विकत, विज्ञानाच्या प्रयोगवह्या, दहावीची परीक्षा फी.

तुमच्या आकड्यांवर मी असा हिशेब मांडेन. अठरा घरांना जून-जुलैत दर पंधरवड्याला एक, असे चार शिधे. एक शिधा १,२०० चा धरला तर ८६,४००. नववी-दहावीच्या सोळा मुलांना प्रत्येकी २,००० प्रमाणे ३२,०००. पंचेचाळीस मुलांना रेनकोट आणि पावसाळी चपला, ६५० प्रमाणे २९,२५०. कागदपत्रं आणि तालुक्या-जिल्ह्याच्या खेपांसाठी २०,०००. उरलेले १२,३५० हात न लावता ठेवा; पावसात कुणाचं छप्पर उडतं, कुणाला रात्री गाडी करून दवाखान्यात न्यावं लागतं.

शिध्यात तांदूळ घालू नका. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो धान्य मिळतंच. कमी पडतं ते डाळ आणि तेल. २ किलो तूरडाळ, १ किलो मसूर, १ किलो कुळीथ, २ लिटर तेल, १ किलो शेंगदाणे, १ किलो गूळ आणि ३० अंडी. बंदीच्या काळात ताटातली मासळी जाते आणि मुलांचं अंगी लागणारं खाणं तिथेच तुटतं, म्हणून अंडी आणि कुळीथ वगळू नका.

शिधा पिशव्या भरून वाटण्यापेक्षा गावातल्या किराणा दुकानावर चिठ्ठ्या द्या. चिठ्ठी दोन भागांची, क्रमांक घातलेली. एक भाग दुकानदाराकडे, एक घराकडे. भाव २५ मेला लेखी ठरवून घ्या, नाहीतर जुलैत तीच डाळ महाग लागते. चिठ्ठीवर वस्तू आणि वजन छापा, रुपये छापू नका. रुपये छापले की त्या चिठ्ठीवर तंबाखू जाते. दुकानदाराचे पैसे चिठ्ठ्या मोजून दर पंधरवड्याला चुकते करा. त्याला दोन महिने थांबवलंत तर तो माल हात राखून देईल.

रेनकोट इयत्तेवरून नको, उंची मोजून आणि एक माप मोठा घ्या, म्हणजे दोन पावसाळे जातो. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळमाळावरच्या वाऱ्यात छत्री टिकत नाही. कापडी बूट अजिबात देऊ नका, चार महिने वाळत नाहीत आणि बोटांत चिखल्या होतात. मागे पट्टा असलेल्या प्लास्टिकच्या चपला बऱ्या. पुस्तकं लवकर घेतलीत तर जमिनीला किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, जूनच्या पहिल्या आठवड्यातच बुरशी धरते; फळीवर, झाकणाच्या पिंपात ठेवा.

घरांच्या निवडीसाठी तीन याद्या मागवा: मुख्याध्यापक, अंगणवाडीताई आणि आशाताई यांच्याकडून, एकमेकींना न दाखवता. जे नाव दोन याद्यांत आहे ते सरळ घ्या. एकाच यादीत असलेल्या घरी दोघांनी जाऊन यावं, त्यातला एक दुसऱ्या वाडीतला. वाडीच्या गावकराला, म्हणजे प्रमुखाला, यादी करायला सांगितलीत तर ज्यांना वाळीत टाकलंय किंवा ज्यांचं जमिनीवरून भांडण आहे ती घरं नेमकी गळतात.

दप्तर

वरचा शिध्याचा हिशेब चांगला आहे, पण कागदांसाठी ठेवलेले २०,००० हीच माझ्या मते तुमची सगळ्यात मोठी मदत ठरेल. शिधा दोन महिने पुरतो. सरकारच्या बालसंगोपन योजनेतलं प्रकरण मंजूर झालं की एका मुलाला दरमहा २,२५० रुपये, म्हणजे वर्षाला २७,००० मिळतात, आणि ते वयाच्या १८ पर्यंत मिळू शकतात.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना फक्त अनाथांसाठी आहे असा गावोगाव गैरसमज आहे. एक पालक गेलेला, आईवडील विभक्त, पालकाला गंभीर आजार, पालक तुरुंगात, अशा मुलांनाही ती लागू होते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे आणि आदेश बालकल्याण समितीचा. समितीपुढे मुलाला घेऊन जावं लागतं. दापोलीहून रत्नागिरी म्हणजे दिवसाची मजुरी आणि दोघांचं एसटीभाडं. प्रकरणं बहुतेक तिथेच अडतात. तो खर्च मंडळाने उचलायचा आणि चार-पाच घरं एकाच दिवशी, एका गाडीने न्यायची.

गेलेल्या वडिलांच्या घरात आणखी दोन गोष्टी बघा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकरकमी २०,००० आहेत. आणि आईला संजय गांधी निराधार योजनेत दरमहा १,५००, वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो. दोन्ही अर्ज तहसीलला.

आता घोळ कुठे होतो ते. पहिला घोळ नावाचा. आईच्या आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, मुलाच्या दाखल्यावर तिसरंच. अर्ज भरण्याआधी सगळ्या कागदांवरची नावं एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहून काढा, फरक लगेच दिसतो. तो आधी दुरुस्त करा आणि मगच अर्ज द्या.

दुसरा घोळ बँकेचा. अनुदान आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातं, अर्जावर लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. बचत गटासाठी कधी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे पडत राहतात आणि बाई म्हणते अनुदान येतच नाही. आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडलेली आहे ते दिसतं, आधी तेच बघा.

तिसरा मुलांच्या आधारचा. ५ वर्षं आणि १५ वर्षं पुरी झाली की ठसे नव्याने द्यावे लागतात. राहून गेलं की शिष्यवृत्तीच्या वेळी ठसे जुळत नाहीत. रेशनकार्डावरच्या प्रत्येकाची ई-केवायसी झाली आहे का तेही त्याच खेपेत बघून घ्या. उत्पन्नाचा एक वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून तो एप्रिलमध्येच नवा काढा; जूनमध्ये सेतूत गर्दी असते.

शाळेतली दोन कामं सुटू देऊ नका. आठवीची एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा: पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२,०००. दरवर्षी ऑनलाइन नूतनीकरण करावं लागतं आणि ते चुकलं की त्या वर्षाचे पैसे गेले. आणि पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, त्यावर मंडळाने पैसे खर्चू नयेत.

खाडीपलीकडे

दोघांचेही मनापासून आभार. चिठ्ठ्यांची पद्धत मंडळात नक्की मांडतो. दप्तर, एक विचारतो. एका घरातला कर्ता समुद्रात गेला तो परत आला नाही, देह मिळाला नाही. मृत्यूचा दाखला नसल्यामुळे त्या माउलीचं कुठलंच काम पुढे सरकत नाही. दोन मुलं आहेत, सहावी आणि तिसरीत.

दप्तर

किनाऱ्यावर हा प्रश्न नेहमीचा आहे आणि फार त्रासाचा आहे. देह नसेल तर कायद्याने मृत्यू गृहीत धरायला साधारणपणे ७ वर्षं जावी लागतात आणि त्यासाठी न्यायालयातून जाहीर करून घ्यावं लागतं. पण मुलांसाठी सात वर्षं थांबायचं कारण नाही. बेपत्ता झाल्याची पोलिसांतली नोंद, नौकेवरच्या सोबत्यांचे जबाब, मच्छीमार सोसायटीचं पत्र आणि ग्रामपंचायतीचं पत्र एवढं घेऊन बालकल्याण समितीपुढे जा. ती मुलांची आजची परिस्थिती बघते. न्यायालयासाठी तालुका विधी सेवा समितीकडून वकील मिळतो. स्त्रिया आणि मुलं यांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मोफत आहे. पोलिसांतली नोंद झाली नसेल तर हे सगळं थांबतं, म्हणून ती उद्याच तपासा.

याच निमित्ताने वाडीतल्या बाकीच्या खलाशांचं बघा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखालच्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख आहेत, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, आणि मच्छीमाराला हप्ता भरावा लागत नाही. पण नाव आधी नोंदलेलं असावं लागतं. नाखवा सोसायटीचा सभासद असतो, खलाशी बऱ्याचदा नसतो. जुलैत नौका वर ओढलेल्या असतात, माणसं घरी असतात, तेव्हा दोन दिवस बसून ही नावं घालून घ्या.

हिशेबवही

नोंदणीबद्दल. नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून वर्गणी काढायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, आणि ती ठरावीक मुदतीचीच असते. दरवर्षी काम करायचं असेल तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशी दोन्ही नोंदणी धर्मादाय कार्यालयातच करा. किमान सात सभासद लागतात. सातही मुंबईचे ठेवू नका, निदान तीन गावात राहणारे हवेत, नाहीतर जुलैत सही करायला माणूस नसतो.

नियमावलीत उद्देश लिहिताना 'शालेय साहित्य वाटप' एवढंच लिहिलंत तर शिधा आणि दवाखान्याचा खर्च उद्देशात बसणार नाही. शिक्षण, आरोग्य, पोषण, आपत्तीतली मदत असं स्पष्ट लिहा.

नोंदणीनंतर मंडळं बुडतात ती एकाच कारणाने. पदाधिकारी बदलले, कुणी वारलं, आणि बदल अर्ज ९० दिवसांत दिलाच नाही. वीस वर्षांनी बँक म्हणते की दप्तरी नावं वेगळी आहेत, तुमची सही चालत नाही. निवडणूक झाली की त्याच महिन्यात अर्ज द्या. हिशेब ३१ मार्चचा, तपासून सप्टेंबरअखेर दाखल.

८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी नोंदणी, तिची घाई नको. वर्गणीदार चाकरमानी नव्या करप्रणालीत असतील तर त्यांना देणगीची वजावट मिळतच नाही. रोख देणगी २,००० च्या वर असेल तर जुन्या प्रणालीतही नाही. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीकडून सीएसआरचा (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा) पैसा हवा असेल तेव्हा मात्र १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट), ८०जी आणि सीएसआर-१ (असा निधी घेण्यासाठीची नोंदणी) तिन्ही लागतात, आणि तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. म्हणून आजपासून पावत्या, चिठ्ठ्या आणि याद्या जपून ठेवा.

कुवेतचा पैसा: देणाऱ्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत फाइलला लावा. ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय त्याचा पैसा एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय घेऊ नका, त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या विदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरीही. हवाला किंवा कुणाच्या हाती रोख, हे तर नाहीच.

सड्यावरची

कातकरी वाडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. तिथे जूनचं वेळापत्रक पुरत नाही. भात कापणीनंतर घरं वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलं निघण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन द्या, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येतं. आजीकडे थांबणाऱ्या मुलांसाठी त्या महिन्यांतला शिधा जास्त गरजेचा आहे, म्हणून या वाडीच्या चारपैकी दोन चिठ्ठ्या डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवा. जातीचे दाखले आणि रेशनकार्ड यांची पडताळणीही इथे आधी करा.

अंगणवाडीताईकडे दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषित. त्याला मंडळाने टॉनिकचे डबे आणून देऊ नयेत, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावं.

आणि वाटपाचे फोटो काढू नका. बालकल्याण समितीपुढच्या मुलाची ओळख उघड करणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि बाकीच्या मुलांनाही दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसायचं असतं. वर्गणीदारांना दाखवायला चिठ्ठ्यांची मोजणी आणि दुकानदाराच्या पावत्या पुरेशा आहेत. घरभेटीला नेहमी दोघांनी जावं, एक बाई असावी. मारहाण किंवा आणखी काही वाईट कळलं तर गावात बैठक बसवत राहू नका, १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीला फोन करा; लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

खाडीपलीकडे

पोलिसांतली नोंद उद्या सकाळी बघतो. अंगणवाडीताई, आशाताई आणि मुख्याध्यापकांना याद्यांबद्दल या आठवड्यातच सांगतो. कातकरी वाडीच्या दोन चिठ्ठ्या हिवाळ्यासाठी बाजूला ठेवतो.