धरणाखाली गेलेल्या एका प्लँटेशनच्या घराचा शोध

प्रश्न
आमच्या सूनबाईंचे आजोळ अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्याच्या बर्कली काउंटीतले. घराण्याचा मूळ पुरुष धर्मछळामुळे फ्रान्स सोडून आलेला ह्यूगेनॉट, म्हणजे प्रॉटेस्टंट, होता आणि सँटी नदीच्या परिसरातील त्यांचे प्लँटेशनवरचे, म्हणजे गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मोठ्या शेतमळ्यावरचे, घर पुढे धरणात गेले, एवढेच विहीणबाई सांगतात. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांच्या हयातीत त्या घराचे निदान एक चित्र तरी मिळावे, अशी फार इच्छा आहे. शोध कोठून सुरू करावा?

पहिले उत्तर
सँटी-कूपर वीज प्रकल्पासाठी 1939 पासून तेथील जंगल आणि वस्त्या हटवल्या गेल्या, सुमारे 900 कुटुंबे उठवली गेली, आणि मॅरियन व मूल्ट्री हे दोन जलाशय भरले. मात्र पाणी चढण्यापूर्वी सरकारी वास्तुसर्वेक्षणाने तेथील अनेक घरांची छायाचित्रे घेतली. ती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. शोध आडनावाने न घेता प्लँटेशनच्या नावाने घ्यावा, कारण लग्नांत आणि विक्रीत मालकाचे आडनाव बदलत गेले तरी जागेचे नाव बहुधा टिकून राहते. ह्यूगेनॉट कुटुंबाने 1716 च्या सुमारास बांधलेले हॅनोव्हर हाउस तर 1941 मध्ये सुटे करून त्याच राज्यातील क्लेमसनला नेले, ते आजही उभे आहे. तसे घर आतून पाहिले की विहीणबाईंच्या आठवणींना जागा मिळेल.

दुसरे उत्तर
आमचे गाव उजनीच्या पाण्यात गेले, म्हणून हा प्रश्न मनाला लागला. एक आग्रहाची विनंती आहे. मालकाच्या मृत्यूनंतर झालेली मालमत्तेची मोजदाद साउथ कॅरोलायनाची राजधानी कोलंबिया येथील राज्य अभिलेखागारात शोधा. तिच्यात पलंग, घोडे, भांडी यांच्याच ओळीत गुलाम माणसांची नावे किमतीसह लिहिलेली आढळतात. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या गणनायाद्यांत मालकाच्या नावाखाली बहुधा केवळ वय, लिंग आणि वर्ण आहे. मुक्तीनंतर 1870 च्या जनगणनेत ही माणसे प्रथमच नावानिशी दिसतात. त्यामुळे त्यांच्या वंशजांना त्यापूर्वीचा माग काढायचा तर असे मालमत्तेचे कागदच बहुधा आधार ठरतात. घराचा कागद सापडला, तर ती नावेही उतरवून घ्या.

प्रश्नकर्ता
दोघांचे मनापासून आभार. काल विहीणबाईंशी बोललो. त्यांच्या ट्रंकेत पणजोबांच्या मृत्युपत्राची जुनी नक्कल निघाली. तिच्यात प्लँटेशनचे नाव आहे आणि शेवटच्या पानावर आडनावांशिवाय बावीस नावे आहेत. सूनबाई ती आज उतरवून घेत आहेत.