एका खांबामागे तीस मुलं
मल्लखांबाच्या वर्गात तीस मुलं असली की अर्धा वेळ दंगा आवरण्यातच जातो, हे अगदी खरं. पण त्यावर शिट्टी वाजवा आणि शिक्षा करा, हा काही जण सुचवतात तो उपाय मला पटत नाही. रांगेत नुसतं ताटकळल्यावर मुलं दंगा करणारच. आमच्याकडे एक गट पुरलेल्या खांबावर, दुसरा दोरीवर आणि उरलेले भिंतीला पाय टेकवून हातांवर उभे. दर दहा मिनिटांनी अदलाबदल.

आणखी एक गोष्ट. दसरंग हा मल्लखांबातला प्रकार पक्का झालेल्या मुलाकडे खांबावरची साधी उडी शिकणारी दोन लहानगी सोपवा. त्यांना समजावताना त्याची स्वतःची पकडही सुधारते. खांबाशी सांभाळायला मात्र प्रशिक्षकच हवा. आणि सरसकट 'शाब्बास' नको. 'आज उतरताना गुडघे छान वाकवलेस,' असं नाव घेऊन सांगितलं की पोर पुढच्या वेळी ते आपणहून करतं.