जत्रेतला कर्णा आणि आमचा सिनेमा

'आता वितरकाची गरजच नाही, सिनेमा करा आणि थेट ऑनलाइन टाका' असं छोटे सिनेमे करणाऱ्यांना सांगितलं जातं, ते निम्मं मला पटतं. वितरकाकडे खेटे घालणं संपलं हे खरं. पण त्याच्याबरोबर गाण्यांच्या वगैरे हक्कांची जी कागदपत्रं तपासली जायची, ती जबाबदारी आता आपल्याच डोक्यावर आली आहे, याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

आम्ही चौघांनी गोव्यात पेडण्याला सत्तर मिनिटांचा मराठी सिनेमा केला. एक प्रसंग जत्रेत, दशावतार सुरू व्हायच्या आधीचा. खाज्याच्या दुकानाशी बाप-लेक बोलतायत आणि मागे कर्ण्यावर जुनं सिनेमाचं गाणं. चित्रीकरणाच्या वेळी ते आम्हाला ऐकूसुद्धा आलं नव्हतं. सांखळीला हॉलमध्ये दाखवला तेव्हाही कोणी हरकत घेतली नाही. ऑनलाइन टाकल्यावर मात्र तिथल्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेने ते गाणं लगेच ओळखलं, हक्कदार कंपनीचा दावा लागला आणि जाहिरातींचे पैसे तिकडे वळले. गाणं काढावं तर संवादही जाणार, कारण दोन्ही एकाच माइकवर. शेवटी तो प्रसंग घरात, आवाज घुमू नये म्हणून गाद्या लावून, पुन्हा डब केला. बापाचं काम करणाऱ्या काकांचा तो थकलेला आवाज काही परत मिळाला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून बजेट कितीही कमी असो, कलाकाराला लेपल माइक (कपड्यांना टाचायचा छोटा माइक) लावाच, आणि संवाद, संगीत, आसपासचे आवाज यांचे ट्रॅक वेगवेगळे जपून ठेवा. पुढे दुसऱ्या भाषेत डबिंग करायचं झालं तरी तेच लागतात.