१४ शाळांचं सामायिक फायबर: खांबावरून की जमिनीतून?

केंद्रशाळा_करवीर
नमस्कार. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या लगतच्या दोन केंद्रांमधल्या १४ शाळा एकाच फायबरवर आणायच्या आहेत. मुख्य संच केंद्रशाळेत बसेल. सर्वांत लांबची शाळा केबलच्या वाटेने ११ किमी. चिखली-आंबेवाडीकडची गावं पुरात जातात, बाकी मार्ग उसातून. प्रत्येक शाळेला फायबरची स्वतंत्र जोडी द्यायची की स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश अनेकांत वाटणारा भाग) चालेल? आणि केबल खांबावरून न्यावी की पुरावी?

जोडणी_ओटीडीआर
सर, १४ शाळांना स्वतंत्र जोड्या म्हणजे केंद्रशाळेत २८ कोर (केबलमधले काचेचे धागे) उतरवायचे. त्याची गरज नाही, जीपॉन (एकच फायबर स्प्लिटरने अनेकांत वाटायची पद्धत) घ्या. केंद्रशाळेतून १:४, पुढे चार गावांत परत १:४, म्हणजे १६ टोकं. दोन शिल्लक राहतात, ती ठेवाच.

वाटेत प्रकाश किती घटतो (डीबीमध्ये) त्याचा हिशोब मांडतो. ११ किमी, १३१० नॅनोमीटर तरंगलांबीला किमीमागे ०.३५ डीबी, म्हणजे साधारण ३.९. दोन स्प्लिटर प्रत्येकी ७.३, म्हणजे १४.६. बारा स्प्लाइस (फायबरचे कायमचे सांधे) ०.१ प्रमाणे १.२. चार कनेक्टर ०.५ प्रमाणे २. एकूण २१.७. बी-प्लस दर्जाच्या ऑप्टिक्सला (दोन्ही टोकांची प्रकाश पाठवणारी-घेणारी उपकरणं) २८ डीबीपर्यंत मुभा असते, म्हणजे सहा डीबी हातात. ही शिल्लक आज वापरून टाकू नका. केबल तुटेल तेव्हा प्रत्येक दुरुस्तीला दोन नवे स्प्लाइस लागतात, ते यातूनच जाणार.

घोळ होतो तो कनेक्टरवर. हिरवा एपीसी आणि निळा यूपीसी हे दोन प्रकार एकमेकांत बसतात, पण एपीसीचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, त्यामुळे मध्ये फट राहते आणि कित्येक डीबी जातात. सगळीकडे हिरवाच, असं निविदेतच लिहा. जोडण्याआधी दर वेळी टोक पुसायचं. धुळीचा एक कण पुरतो.

मुख्य केबल २४ कोरची घ्या. कोर वाढवल्याने केबलची किंमत थोडीच वाढते, खोदाईची तेवढीच राहते.

खांब_ते_खांब
ऊसपट्ट्यात दोन्ही वाटांना आपापली दुखणी आहेत. वरून नेलीत तर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या केबल ओढून नेतात. रस्ता ओलांडताना किमान ६ मीटर उंची ठेवा, आणि झोळ भर उन्हात मोजा. केबल एडीएसएसच (स्वतःचा भार स्वतः पेलणारी) घ्या, तिच्यात धातू नसतो, त्यामुळे विजेच्या तारांशेजारी आणि विजा पडताना धोका कमी. महावितरणच्या खांबांना लेखी परवानगी लागते. दुसरं म्हणजे पाचट. बांधालगत पेटवलं की खाली लोंबणाऱ्या केबलचं आवरण वितळतं.

पुरायची असेल तर ४०/३३ मिमी (बाहेरचा/आतला व्यास) एचडीपीई प्लास्टिकचा पाइप १.६५ मीटर खोल, वर इशारा पट्टी. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि पाइप कपलरपाशी (दोन पाइपांच्या जोडापाशी) उपटतो. म्हणून लांब गुंडाळ्यांचा पाइप घ्या, कपलर कमीत कमी. चर ऊस तुटल्यावर, फेब्रुवारी ते मे दरम्यान काढा, नाहीतर उभ्या पिकाची भरपाई द्यावी लागेल.

माझं मत: मुख्य मार्ग जमिनीतून, शाळेपर्यंतचा शेवटचा तुकडा वरून.

पूररेषा
पुराच्या गावांबद्दल. पाण्यात बुडाल्याने फायबरची काच मरत नाही. पाणी जॉइंटच्या डब्यात शिरलं की घात होतो. राजाराम बंधाऱ्याच्या ३९ फूट इशारा किंवा ४३ फूट धोका पातळीवर भरवसा ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा गावात भिंतींवर विचारा, त्याच्या वर मीटरभर डबा लावा. स्प्लिटरही तिथेच, जमिनीत नको. पुलावर केबल जीआय पाइपमधून, प्रवाहाच्या खालच्या बाजूने न्या. वरच्या बाजूला वाहून आलेले ओंडके आपटतात.

केंद्रशाळा_करवीर
मनापासून आभार. परवानग्या कुणाकुणाच्या? आणि एकच इंटरनेट जोडणी १४ शाळांना वाटता येईल का?

जोडणी_ओटीडीआर
गावातल्या रस्त्याला ग्रामपंचायत, ग्रामीण रस्त्याला जिल्हा परिषद, राज्य मार्गाला सार्वजनिक बांधकाम. रत्नागिरी रस्ता राष्ट्रीय महामार्ग १६६ आहे, तो ओलांडायचा अर्ज वेगळा आणि आधी टाका. वाटपाचं म्हणाल तर आपणच इंटरनेट विकत घेऊन शाळांना पैसे लावून देऊ नका, त्याला परवाना लागतो. परवानाधारक पुरवठादाराला फायबरवर चालवायला द्या, करारात दुरुस्तीची मुदत तासांत लिहा.

काम ताब्यात घेताना दोन गोष्टी मागा. प्रत्येक शाळेत मिळणारी प्रकाशाची पॉवर, ती उणे २४ डीबीएमपेक्षा (डीबीएम म्हणजे पॉवरचं माप) चांगली हवी (उपकरण उणे २७ पर्यंत चालतं, पण तिथे शिल्लक उरत नाही). आणि दोन्ही बाजूंनी काढलेले ओटीडीआरचे (फायबरमधला दोष किती अंतरावर आहे ते दाखवणारं यंत्र) आलेख. प्रत्येक जॉइंटला १५ मीटर केबल गुंडाळून ठेवा आणि त्याची नोंद नकाशावर करा. ओटीडीआर काचेची लांबी दाखवतो, रस्त्याची नाही. ही नोंद नसेल तर ४ किमीवरचा दोष शोधायला माणसं भलत्याच शेतात उकरतात.

खांब_ते_खांब
शाळेत १२ व्होल्टचा बॅटरी यूपीएस विसरू नका. लाइट गेली की ओएनटी (शाळेतलं फायबरचं उपकरण) बंद पडतं आणि तक्रार मात्र फायबरची येते.